गॅप सर्टिफिकेट

सेतू केंद्रातल्या पोरानं विचारलं, "बारावी कधी?"
मी साल सांगितलं.
त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग स्क्रीनकडं.
"चौदा वर्षांचा गॅप पडतोय, मावशी.
शंभराचा स्टॅम्प आणा."

तहसीलच्या भिंतीला टेकून बसलेल्या टायपिस्टनं
मला न विचारताच मजकूर बडवला.
त्याला पाठ होता.
मी, वैजयंता धुळा कोळेकर, वय बत्तीस, राहणार आटपाडी,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतले नाही,
कोठेही नोकरी केली नाही,
घरीच होते.
घरीच-मधला च त्यानं जोरात हाणला असावा,
कागदाला मागून टेंगूळ आलं होतं.

नवरा गलाईच्या कामाला कोइमतूरला.
फोनवर म्हणाला, "फी किती?"
मी सांगितली.
मागं भट्टीचा आवाज येत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, "भर."

मिरजेच्या होस्टेलात अठरा-अठरा वर्षांच्या पोरी.
पहिल्या आठवड्यात मी काकू,
दिवाळीपर्यंत ताई,
आणि एकीला रात्री पोटात कळ आली तेव्हा
नुसतंच, "अगं ऊठ की."
आम्ही संत्र्याला इंजेक्शन दिलं,
रबराच्या बाहुल्याला आंघोळ घातली,
चादरीचा कोपरा दुमडून गादीखाली असा खोचला
की मॅडमनी पट्टी लावून बघितला.
घरून नववीतली लेक व्हॉइस मेसेज पाठवायची:
"आई, म्हण माझ्या मागनं. स्फिग्मो. मॅनो. मीटर."
आणि हसायची.
मी ते हसणंच परत परत ऐकायची,
शब्द मात्र मागंच राहायचा.

शरीरशास्त्रात राहिले. सहा मार्कांनी.
नवऱ्याला सांगितलं, निकाल अजून लागायचाय.
तीन आठवडे लागायचाच होता.

मग एका दुपारी सॅमसन मॅडमनी फळ्यावर लिहिलं
अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची निगा,
आणि खाली:
दर दोन तासांनी कूस बदलावी.
माझा हात वर गेला,
आणि तसाच खाली आला.
सांगणार काय होते?
की सासूबाई साडेतीन वर्षं बाजेवर होत्या,
अर्धं अंग गेलेलं, तोंड तेवढं शाबूत,
आणि घरातलं घड्याळ बंद.
विट्याची एसटी गेली की डावी कूस,
नळाला पाणी आलं की उजवी,
शाळा सुटली की परत डावी.
रात्री कशावरनं कळायचं, ते मलाही ठाऊक नाही.
जाग यायची.
शिव्या खात वळवायची त्यांना,
खोबरेल चोळायची,
चादरीची सुरकुती दिसली की हातानं सपाट करायची.
शेवटच्या आंघोळीला बायका म्हणाल्या,
पाठ बघा म्हातारीची, एक डाग नाही.
हे सगळं सदर कालावधीत.
मी वहीत तारीख टाकली
आणि फळ्यावरचं उतरवून घेतलं,
सगळ्यांसारखं.

रजिस्ट्रेशनचा नंबर आला तो श्रावणात.
नवऱ्यानं फोनवर दोनदा म्हणून घेतला,
कशावर तरी लिहून ठेवला म्हणाला.
ते स्टॅम्पपेपर अजून फाइलीत आहे.
टेंगूळ बसलंय आता, दाबून दाबून.

आज नाइट.
सात नंबरच्या आजी कवठेमहांकाळच्या, खुबा मोडलाय.
पायांत उशी धरून, मावशींना हाताशी घेऊन
वळवलं त्यांना.
झोपेतच म्हणाल्या,
"हात सवयीचा हाय गं तुजा. किती वर्सं झाली?"
"अडीच महिने," मी म्हणाले.
"खोटं बोलती," म्हणाल्या,
आणि घोरायला लागल्या.

चार्टवर लिहिलं:
दोन दहा. डावी कूस. त्वचा ठीक.
खाली सही, पूर्ण नावाची.
स्टँडवर विट्याची पहिली गाडी लागायला
अजून तीन तास होते.